वाचक विचारतात : ग्लँड, झेला, पिपेट आणि पेटंटचा अर्ज

वर्कशॉपमध्ये, बागेत किंवा प्रयोगशाळेत स्वतः बनवलेल्या साधनांबद्दल आणि त्यांच्या पेटंटबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सात इथे घेतले आहेत. शक्य तिथे उत्तरात यंत्राची बाजू आणि कायद्याची बाजू एकत्रच येईल, कारण यंत्र नेमकं कुठे वेगळं आहे हे मालकाला सांगता आलं नाही, तर अर्ज कितीही छान टाइप केलेला असो, तो टिकत नाही.

प्रश्न : मिरकरवाडा बंदरावर माझं बोटदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. पंख्याच्या शाफ्टच्या ग्लँडमधलं (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या पेटीतलं) दोरीचं पॅकिंग सारखं आवळावं लागतं, म्हणून मी ग्लँडच्या बोल्टांवर स्प्रिंगा घालून पॅकिंगवर दाब कायम राहील असं केलं. तीन बोटींवर पैसे घेऊन बसवून दिलं, व्हिडिओही ग्रुपवर फिरला. आता पॅकिंगच्या दोन फेऱ्यांमध्ये आतून तिरक्या खाचा असलेली पितळी रिंग टाकली आहे. शाफ्ट फिरला की वाळू-गाळ खाचांमधून परत समुद्राकडे ढकलला जातो. ही रिंग अजून कुणाच्या बोटीवर गेलेली नाही. दोन्हींचं पेटंट मिळेल का?
— बोट मेकॅनिक, रत्नागिरी

उत्तर : स्प्रिंगांचं मिळणार नाही. रिंगचं मिळू शकतं, पण त्यासाठी अजून काम करावं लागेल.

स्प्रिंगांना दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे ती वस्तू तुम्ही विकली आणि तिचा व्हिडिओ दाखवला. आपल्याकडे अर्जाच्या तारखेआधी शोध लोकांसमोर आला की नवेपणा संपतो. 'वर्षभराची सरसकट सवलत असते' असं बरेच जण सांगतात, ते भारताला लागू नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी आणि विद्वत्सभेतल्या निबंधासाठी सूट आहे. कलम ३२ मध्ये, जो शोध उघड्यावरच तपासता येतो त्याच्या वाजवी चाचणीसाठी एक वर्षाची सूट आहे. बोटीवरची चाचणी ३२ मध्ये बसवता आली असती, पण पैसे घेऊन बसवलं की ती चाचणी उरत नाही, विक्री होते. दुसरी अडचण अशी की पॅकिंगवर स्प्रिंगने दाब ठेवण्याची युक्ती पंप आणि व्हॉल्व्हच्या धंद्यात फार जुनी आहे. जुनी पेटंटं विषयवार वर्गांत लावलेली असतात, त्यातल्या एफ१६जे १५/१८ या वर्गात शोधलंत तर अशी चित्रं भरपूर सापडतील.

आता रिंग. पॅकिंगच्या मध्ये रिंग टाकून बाहेरून स्वच्छ पाणी सोडणं हेही जुनंच आहे, तिला लँटर्न रिंग म्हणतात. तुमच्या रिंगला बाहेरचं पाणी लागत नाही, शाफ्टच पाण्याला खाचांमधून ढकलतो, वेगळेपण इथे आहे. पण बोट रिव्हर्सला टाकली की शाफ्ट उलटा फिरतो आणि त्याच खाचा गाळ आत ओढायला लागतात. जेटीला लागताना, जाळं ओढताना रिव्हर्स किती वेळा पडतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. यावर उपाय काढा. रिंगच्या आतल्या बाजूला ओठ असेल, किंवा खाचा अर्ध्या डाव्या आणि अर्ध्या उजव्या असतील, जे काय असेल ते. आमच्या मते खरं पेटंट त्या उपायातच आहे, कारण नुसत्या तिरक्या खाचा पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाला जुन्या सीलमध्ये कुठे ना कुठे सापडतीलच.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी शाकारलेल्या असतात, तोच काळ वापरा. बोटीच्या शाफ्टएवढ्याच व्यासाचा तुकडा दोन बेअरिंगांवर बसवा, एका बाजूला मोटर, मधे ग्लँड. ग्लँड पाण्याच्या पातळीखाली साधारण अर्धा ते एक मीटर असतो, म्हणून मीटरभर उंचीवर ठेवलेल्या टाकीतून पाणी सोडलं की दाब खऱ्यासारखा मिळतो, त्यासाठी पंप लागत नाही. खारं पाणी घ्या आणि त्यात दर लिटरला ठरलेलं वजन करून चाळलेली वाळू घाला. पॅकिंगची जाडी म्हणजे पेटीचा आतला व्यास वजा शाफ्टचा व्यास, भागिले दोन. ७० च्या पेटीत ५० चा शाफ्ट असेल तर १० मि.मी. दोरी. प्रत्येक फेरी ४५ अंशात कापा आणि चार फेऱ्या असतील तर सांधे ९० अंशांनी फिरवून बसवा. सांधे एका रेषेत आले की गळती तिथूनच होते, मग दोष रिंगला लागतो.

मग मोजा. तासाला किती मिलिलिटर गळालं, ग्लँडचं तापमान किती झालं, आणि चाचणीआधी व नंतर शाफ्टचा व्यास तीन जागी मायक्रोमीटरने किती आला. हे रिंगशिवाय एकदा आणि रिंग घालून एकदा. रिव्हर्सची चाचणी वेगळी. ग्लँडमधून मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत. थेंब पूर्ण बंद केलेत तर पॅकिंग कोरडं तापतं, करपतं आणि शाफ्टवर खाच पाडतं. स्प्रिंगांसाठी साधं ३०४ स्टेनलेस वापरलं असेल तर बदला. साचलेल्या खाऱ्या पाण्यात, विशेषतः वॉशरच्या खाली, त्याला टोचल्यासारखी भोकं पडतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त तग धरतं. फॉस्फर ब्राँझची स्प्रिंगही चालते, आणि पितळी ग्लँडशेजारी ती बरी.

आकडे हातात येईपर्यंत थांबायचं नसेल तर रिंगचा तात्पुरता तपशील घालून आधी अर्ज करा. तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. त्या तपशिलात जे लिहिलं असेल त्यालाच ती तारीख मिळते, म्हणून रिव्हर्सचा उपाय अर्जाआधी सुचला तर तोही त्यात घाला. तोवर रिंगचा फोटो कुठेही पाठवू नका.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. झेल्यात, म्हणजे आंबे काढायच्या लांब दांड्याच्या झोळीत, मी एक चिमटा बसवला आहे. तो आधी देठ धरतो, मग पातं देठ कापतं, आणि आंबा देठासकट अलगद खाली येतो, त्याच्यावर चीक सांडत नाही. शेतीच्या गोष्टीला पेटंट नसतं असं एकाने सांगितलं. आणि 'दावा' कसा लिहितात?
— बागायतदार, देवगड

उत्तर : शेतीच्या पद्धतीला पेटंट नसतं, कलम ३ (एच) तसं सांगतं. झेला हे अवजार आहे, पद्धत नाही. त्याला ती आडकाठी येत नाही.

आधी शोध घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला कोकणात सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या अर्जात त्याचं नाव तुम्हीच घ्या. माहीत असलेली जुनी वस्तू लपवून काही साधत नाही, परीक्षकाला ती सापडतेच. त्यानंतर भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास, युरोपचं एस्पेसनेट आणि जागतिक संघटनेचं पेटंटस्कोप ही तिन्ही फुकट संकेतस्थळं उघडा. नुसता 'मँगो हार्वेस्टर' शब्द टाकलात तर निम्मं हातून सुटतं, कारण कुणी त्याला फ्रूट पिकर म्हणतं, कुणी पोल प्रूनर. म्हणून वर्गाने शोधा : ए०१डी ४६/२४ हा झाडावरून फळं काढण्याच्या साधनांचा वर्ग. सफरचंद, अवोकाडो, संत्रं यांची साधनंही बघा. देठ धरून कापणारी कात्री फुलांच्या आणि द्राक्षांच्या कामात आहे, तीही बघा. चित्रं बघत गेलात तर एका संध्याकाळी शंभरएक सहज नजरेखालून जातात.

समजा, धरून कापणारं साधन सापडलं, पण त्यात धरायला एक दोरी आणि कापायला दुसरी आहे. तुमच्यात दोन्ही कामं एकाच दोरीने, ठरलेल्या क्रमाने होतात. मग दावा, म्हणजे शोधात नेमकं काय तुमचं आहे हे सांगणारं वाक्य, साधारण असा होईल :

'फळ काढण्याचे साधन, ज्यात दांडा (१), दांड्याच्या टोकाची कडी (२), कडीला लावलेली झोळी (३), कडीवरचे पाते (४) आणि पात्याच्या खालच्या बाजूला देठ धरणारा चिमटा (५) आहे, आणि चिमटा व पाते एकाच ओढदोरीला (६) अशा रीतीने जोडलेले आहेत की दोरी ओढल्यावर चिमटा आधी देठावर मिटतो आणि दोरी आणखी ओढल्यावरच पाते देठ कापते.'

या वाक्यातला प्रत्येक शब्द कुंपणाचा खांब आहे. झोळीऐवजी 'नायलॉनची जाळी' लिहिलंत तर शेजारी सुती जाळी लावून मोकळा सुटेल. 'स्प्रिंगने मिटणारा चिमटा' लिहिलंत तर तो रबर लावेल. म्हणून पहिल्या दाव्यात फक्त तेवढंच ठेवा ज्याच्याशिवाय तुमची युक्ती चालतच नाही. नायलॉन, स्प्रिंग, पात्याचा कोन हे सगळं पुढच्या दाव्यांत घ्या : 'दावा १ मधील साधन, ज्यात चिमटा स्प्रिंगने मिटतो'. पहिला दावा जुन्या कुठल्या साधनामुळे पडला, तर खालचे उभे राहू शकतात. उलट बाजूने, पहिला दावा फार मोकळा ठेवून 'एकाच दोरीने, ठरलेल्या क्रमाने' हेच गाळलंत, तर तो जुन्या साधनावर जाऊन आदळेल. किती मोकळं आणि किती घट्ट, हे शोध घेतल्यावरच ठरतं.

वर्णनात क्रम कसा साधला ते उघड लिहा : दोरी किती सेंटिमीटर ओढली की चिमटा मिटतो, पुढे किती ओढली की पातं फिरतं, मधे ढिलाई किती. चिमटा पुरता मिटण्याआधी पातं लागलं तर देठ तुटतो आणि फळ झोळीत आपटतं. आणि देठ अगदी फळाजवळ तुटला की चिकाची पिचकारी सालीवर उडते, तिथे पुढे काळा डाग पडतो. किमान सेंटीमीटरभर देठ राहावा अशी पातं आणि चिमट्यातली उंची ठेवा. झाडावर वेगवेगळ्या जाडीचे देठ असतात, म्हणून चिमट्याच्या तोंडाला मऊ रबर लागेल. तेही वर्णनात येऊ द्या.

चित्रं ए४ कागदावर, वर आणि डावीकडे ४ सें.मी., खाली आणि उजवीकडे ३ सें.मी. मोकळी जागा सोडून. चित्रावर मापं लिहायची नाहीत, भागांना आकडे द्यायचे. शीर्षक १५ शब्दांत, सारांश १५० शब्दांत. हाताने काढलेली स्वच्छ काळी रेघ चालते.

एक गोष्ट पेटंटबाहेरची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमचा दांडा ॲल्युमिनियमचा आहे असं पत्रात दिसतं. बागेवरून वीजवाहिनी जात असेल तर तो वापरू नका. कोरडा बांबू किंवा फायबरचा दांडा घ्या, आणि तरीही तारांखालची झाडं लाइन बंद करूनच काढा.

प्रश्न : लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी लॅबमध्ये आहे. ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) भरताना बुडबुडा राहू नये म्हणून मी एक तोटी बनवली, ती कंपनी सगळीकडे वापरते. पेटंट माझं की कंपनीचं?
— लॅब टेक्निशियन, खेड

उत्तर : आपल्या पेटंट कायद्यात नोकराच्या शोधाबद्दल वेगळं कलम नाही. तुमच्या नेमणूकपत्रात आणि करारात काय लिहिलंय त्यावर मालकी ठरते. बहुतेक कंपन्यांच्या पत्रात शोध कंपनीकडे वर्ग करण्याचा परिच्छेद असतो, तो आधी वाचा. मात्र मालक कोणीही असो, खरा शोधक म्हणून तुमचं नाव अर्जात यायला हवं. कलम २८ खाली ते पेटंटवर नोंदवून घेता येतं. तोटीचं पहिलं रेखाचित्र, तारीख घातलेल्या वहीची पानं, स्टोअरकडे दिलेली मागणी हे जपून ठेवा. तोटी कारखान्याच्या आतच, बाहेरच्यांना न दिसता वापरली जात असेल तर ती अजून लोकांसमोर आलेली नाही, पण पुरवठादाराच्या माणसाला ती दाखवू नका.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात मिक्सरची मोटर, ॲल्युमिनियमची चकती आणि चार १५ मिलिलिटरच्या नळ्या घेऊन स्वस्त सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवून द्रवातला गाळ वेगळा करणारं यंत्र) बनवला आहे. पेटंट मिळेल का? आणि पेटंट असलेलं यंत्र आम्ही मुलांना शिकवायला बनवलं तर चालतं का?
— विज्ञान शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : चालतं. कलम ४७ प्रमाणे केवळ प्रयोग, संशोधन आणि विद्यार्थ्यांना शिकवणं यासाठी पेटंट असलेलं यंत्र बनवता आणि वापरता येतं. विकता येत नाही.

पहिल्याबद्दल, आत्ता आहे त्या रूपात नाही. कलम ३ (एफ) म्हणतं की माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येकाने आपापलं जुनंच काम केलं, तर तो शोध धरत नाहीत. मोटर फिरवते, चकती नळ्या धरते, रेग्युलेटर वेग बदलतो, एकमेकांमुळे नवं काही घडत नाही. स्वस्त असणं हे एकटं कारण पुरत नाही.

पण त्याआधी, पेटंटचा विषय बाजूला ठेवून, मिक्सरची मोटर काढून टाका. मिक्सरमध्ये सिरीज युनिव्हर्सल मोटर असते. भार हलका झाला की ती वेग वाढवत जाते आणि मिनिटाला १८,००० फेऱ्या सहज गाठते. नळीवर किती पट वजन येतं ते असं काढतात : ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग. त्रिज्या ८ सें.मी. धरली तर ३,००० फेऱ्यांना साधारण ८०० पट येतं. पाणी भरलेली २० ग्रॅमची नळी तेव्हा १६ किलोच्या ओढीने बाहेर जाऊ पाहते. तीच नळी १८,००० फेऱ्यांना जवळजवळ २९,००० पट, म्हणजे ५८० किलो. प्लॅस्टिकची नळी, तिला धरणारं भोक आणि ॲक्रिलिकचं झाकण यातलं काहीच ते सोसणार नाही.

वेग बांधून ठेवता येईल अशी ब्रशलेस मोटर किंवा सुमारे २,८०० फेऱ्यांची इंडक्शन मोटर घ्या. चकतीला चारही बाजूंनी पत्र्याची नाही, जाड पोलादी भिंत हवी. समोरासमोरच्या नळ्या तराजूवर समान करा. ३,००० फेऱ्यांना १ ग्रॅमचा फरक म्हणजे सेकंदाला ५० वेळा दिशा बदलणारा ०.८ किलोचा धक्का. बेअरिंग त्यानेच जातं आणि त्याआधी बाक चालायला लागतो. पाणी असलेल्या नळीसमोर मिठाच्या पाण्याची नळी ठेवताना पातळी बघून जुळवू नका, वजन करा. पहिली फेरी वर्गाबाहेर, वाळूच्या पोत्यांच्या आडून, लांबच्या स्विचवर घ्या.

झाकणाचं कुलूप आवश्यकच आहे, आणि शोधाची शक्यता मला तिथेच दिसते. चकती पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू न देणारी कुलपं बाजारात आहेत, पण त्यांना वेगळा सेन्सर आणि बोर्ड लागतो. चकतीच्या फिरण्यानेच कुलूप अडकून राहील, वीज गेली तरी चकती थांबेपर्यंत सुटणार नाही, असं काही मुलांनी जमवलं तर तिथे मोटर, चकती आणि कुलूप एकमेकांवर अवलंबून काम करतात. कोकणात वीज मधेच जाते, तेव्हा वीज नसतानाही कुलूप टिकणं हा खरा उपयोग आहे. बी०४बी या वर्गात जुनी कुलपं तपासा आणि मगच पुढे जा. महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात मात्र ते मांडू नका, तुमचं प्रदर्शन सरकारने अधिसूचित केलेलं नसतं.

प्रश्न : कुडाळ एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. अर्जाला एकूण खर्च किती आणि अर्ज कुठे अडकतो?
— लेथ वर्कशॉपचालक, कुडाळ

उत्तर : व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर फॉर्म १ ला १,६०० रुपये, परीक्षणाच्या मागणीला म्हणजे फॉर्म १८ ला ४,००० रुपये. १८ महिने न थांबता लवकर प्रसिद्ध करायचं असेल तर फॉर्म ९ चे २,५०० रुपये. ३० पानांपुढे दर पानाला १६० आणि १० दाव्यांपुढे दर दाव्याला ३२० रुपये. लहान उद्योग म्हणून अर्ज केला तरी हेच दर लागतात, पण फॉर्म २८ आणि उद्यम नोंदणी जोडावी लागते. सोबत फॉर्म २ मध्ये तपशील, फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती) आणि पूर्ण तपशिलाबरोबर फॉर्म ५ (शोधक कोण याची घोषणा). कोकणातले अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. एजंटाची फी वेगळी. ती ठरवताना 'परीक्षकाच्या पहिल्या अहवालाचं उत्तर यात धरलंय का' हे लेखी घ्या, कारण खरं कौशल्य त्या उत्तरात लागतं.

पेटंट मिळाल्यावर टिकवण्याची फी तिसऱ्या वर्षापासून : सहाव्यापर्यंत दरवर्षी ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि विसाव्यापर्यंत ८,००० रुपये. पूर्ण २० वर्षं टिकवलं तर ७६,८०० रुपये. वीस वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, मंजुरीच्या नाही.

अडकतो दोन जागी. फॉर्म १८ आपोआप भरला जात नाही. २०२४ च्या नियमांनंतर त्याची मुदत ४८ ऐवजी ३१ महिने झाली, आणि ती चुकली की अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात. दुसरी जागा म्हणजे परीक्षकाचा अहवाल. तो ईमेलवर येतो आणि ६ महिन्यांत उत्तर लागतं, फॉर्म ४ भरून आणखी ३ महिने मागता येतात. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊन अर्ज करू नका, स्वतःचा द्या आणि तो उघडत राहा.

अर्ज भरल्यावर मालावर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असं लिहिता येतं. मंजुरीआधी 'पेटंटेड' लिहिणं हा कायद्याने दंडाचा विषय आहे.

प्रश्न : जागतिक पेटंट कसं घेतात?
— अलिबाग

उत्तर : तसं पेटंट नसतं. पीसीटी नावाचा एकत्रित अर्ज असतो. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत तो करायचा आणि मग त्याच पहिल्या तारखेपासून साधारण ३० ते ३१ महिन्यांच्या आत हव्या त्या प्रत्येक देशात स्वतंत्र जायचं, खर्चही स्वतंत्र. भारतात राहणाऱ्याने परदेशात आधी अर्ज करायचा तर परवानगी लागते. नाहीतर इथे अर्ज करून ६ आठवडे थांबावं. माल जिथे खरंच विकणार नाही त्या देशात पैसे घालू नका.

प्रश्न : पॅथॉलॉजी लॅबना लागणाऱ्या १००० मायक्रोलिटरच्या पिपेट (ठरलेलं थोडंसं द्रव ओढून सोडायची साधनं) बनवायच्या आहेत. परदेशी कंपन्यांची पेटंट आड येतील का? आणि लॅबवाले 'प्रमाण बरोबर येत नाही' म्हणतात ते कशामुळे?
— वितरक, चिपळूण

उत्तर : पिपेटची मूळ कल्पना मोकळी आहे. जर्मनीतल्या हाइनरिख श्निटगर यांनी १९५७ मध्ये दट्ट्या आणि हवेच्या गादीच्या पिपेटसाठी अर्ज केला. आकडे फिरवून माप बदलण्याची पिपेट वॉरन गिल्सन आणि हेन्री लार्डी यांच्या कामातून आली आणि तिचं अमेरिकी पेटंट १९७४ मध्ये मिळालं. दोन्हींची मुदत कधीच संपली. पेटंट त्या त्या देशापुरतंच असतं, म्हणून भारतात अर्जच न झालेलं परदेशी पेटंट इथे बनवण्याला आड येत नाही. मात्र तो माल त्या देशात पाठवता येणार नाही. टोक (पिपेटला खाली लावायची प्लॅस्टिकची नळी) उडवण्याची नवी यंत्रणा, माप लॉक करण्याची युक्ती, इलेक्ट्रॉनिक भाग यांवर इथे चालू पेटंट असू शकतात. इनपासवर प्रत्येकाची स्थिती आणि शेवटची फी बघा. फी न भरल्यामुळे बंद पडलेलं पेटंट १८ महिन्यांत पुन्हा उभं करता येतं, म्हणून कालपरवा बंद पडलेल्यावर साचा ओतू नका. आणि मोठ्या कंपन्यांचं नाव, रंगसंगती, बाहेरचा आकार यांची नक्कल नको. तिथे ट्रेडमार्क आणि डिझाइनचा कायदा लागतो. डिझाइनची नोंदणी १० वर्षं चालते आणि आणखी ५ वर्षं वाढवता येते.

प्रमाण चुकण्याचं मूळ बहुतेक वेळा दट्ट्याच्या सीलमध्ये किंवा टोकाच्या बसणीत असतं. पाणी ओढून पिपेट उभी धरा. २० सेकंदांत टोकाला थेंब जमला तर हवा शिरते आहे. टोक बदलून पुन्हा बघा. थेंब थांबला तर दोष टोकाचा, नाहीतर सीलचा. ॲसिडच्या वाफा आत ओढल्या गेल्या की स्टेनलेसचा दट्ट्याही खरखरीत होतो आणि नवं सील महिन्याभरात खातो. दट्ट्यावर नखाने बारीक खाचा लागल्या तर सील बदलण्यात अर्थ नाही, दट्ट्याच बदला.

मग वजनाने तपासा. पाणी, पिपेट आणि टोकं किमान दोन तास एकाच खोलीत ठेवा. एसी खोलीत बाहेरचं कोमट पाणी आणलं की पिपेटमधली हवा फुगते आणि माप कमी येतं. टोक आधी पाण्याने ओलं करून घ्या, ३ मि.मी. पेक्षा फार खोल बुडवू नका, पिपेट सरळ धरा. ऊर्ध्वपातित पाण्याची दहा वजनं घ्या आणि सरासरी काढा. मिलिग्रॅमला २० अंशांना १.००२९ ने, २५ अंशांना १.००४० ने गुणलं की मायक्रोलिटर मिळतात. २५ अंशांना सरासरी ९९४ मिलिग्रॅम आली तर ९९८.० मायक्रोलिटर झाले, म्हणजे २ ने कमी. आयएसओ ८६५५ प्रमाणे १००० च्या पिपेटला ८ मायक्रोलिटरपर्यंत इकडे-तिकडे चालतं, आणि दहा वजनांमधला विखुरलेपणा ३ मायक्रोलिटरच्या आत हवा. सरासरी बरोबर आणि विखुरलेपणा जास्त असेल तर दोष सीलचा किंवा हाताचा. विखुरलेपणा कमी आणि सरासरी सरकलेली असेल तर माप जुळवण्याचा स्क्रू फिरवायचा. लॅबवाल्यांना पिपेटसोबत हा दहा वजनांचा कागद द्या, त्यावर खोलीचं तापमान, तारीख आणि पिपेटचा क्रमांक असू द्या. तक्रार आली की दोष तुमच्याकडचा की त्यांच्या टोकांचा हे त्याच कागदावर पुन्हा दहा वजनं घेऊन ठरतं.